मांजराचं नाव गल्लीतल्या सगळ्यांना घेता आलं पाहिजे

सध्या बेळगावातल्या आमच्या शहापूर-वडगाव भागात घरोघरी मांजरींची पिल्लं झालीत आणि जो तो ग्रुपवर "नाव सुचवा" म्हणून फोटो टाकतोय. सुचवणारेही उत्साहानं सुचवतायत. कोरियन मालिकांतली नावं, परदेशी राजकन्यांची नावं, कुणी तर संस्कृत कोश उघडून पाच-पाच अक्षरी नावं शोधून काढलीत. हौस आहे, चांगलं आहे. पण समोरच्या दारातल्या अज्जींना जे नाव घेता येत नाही, ते त्या मांजराच्या काही उपयोगाचं नाही, असं मला मनापासून वाटतं.

फ्लॅटमध्ये दार लावून वाढवलेल्या मांजराचं निराळं. आमच्याकडं मांजरं तशी राहत नाहीत. घराला घर लागून, वर कौलं नाहीतर पत्रे, मागं परडं. सकाळी एका घरात, दुपारी तिसऱ्या घरात. आणि ही घरं काही एका भाषेची नाहीत. गल्लीत मराठी आहेत, कन्नड आहेत, कोकणी आहेत, पुढं दखनी उर्दू बोलणारं घर आहे. पिल्लू कुणाच्याही कपाटात जन्मू दे, महिन्याभरात ते सगळ्यांचं होतं. मग नाव एकट्या तुमच्या आवडीचं कसं चालेल?

आमच्या गल्लीत कुंदा नावाची मांजर आहे. काळा, तपकिरी आणि केशरी रंग एकमेकांत मिसळलेले, आमच्याकडची ती दुधाची मिठाई, कढईच्या तळाचा खरवडून काढलेला कुंदा असावा तसे. बेळगावात हे नाव कुणाला अडणार? सकाळी दुधाची पिशवी फोडली की ती शेजारच्या अज्जींच्या पायात घोटाळते आणि अज्जी कन्नडमध्ये "बा कुंदा, बा बा" (ये कुंदा, ये ये) करत वाटी पुढं सरकवतात. दुपारी कोकणी काकूंकडं बांगडा असला तर मुक्काम तिकडं. ऊन उतरलं की विणकरांच्या, मागाच्या घरी, रिकाम्या कांड्यांच्या टोपलीत अंग मुडपून झोपते. माग खटखट चालू असतो, त्याचं तिला काही नाही. पण तिथल्या पोरानं "कुंदाऽऽ" म्हटलं की डोळे मिटलेलेच राहतात आणि एक कान तेवढा आवाजाच्या दिशेला वळतो. मी हे बघत कितीही वेळ बसू शकते.

मांजराला नावबिव कळत नाही, भूक लागली की येतं, असं म्हणणारे भेटतातच. त्यांच्यासाठी सांगते. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८ मांजरांवर प्रयोग करून २०१९ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात तो छापला. आधी नावाएवढ्याच लांबीचे चार शब्द एकामागून एक ऐकवायचे. मांजर कंटाळून लक्ष देईनासं झालं की पाचव्यांदा त्याचं नाव. घरात पाळलेल्या पुष्कळ मांजरांचे कान आणि डोकी नाव ऐकताच हलली. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: हाक अनोळखी माणसाच्या आवाजात असली तरीही त्यांना आपलं नाव ओळखता आलं. म्हणजे अज्जींनी मारलेली हाक असो, मागावरच्या पोरानं मारलेली असो, मांजराला पोचते. फक्त नाव तेच हवं. एका घरात एक आणि दुसऱ्या घरात दुसरं असं केलं तर त्या जिवानं काय करायचं? त्याच प्रयोगात कॅट कॅफेतल्या (मांजरांच्या सोबतीत बसून चहा-कॉफी घ्यायची दुकानं असतात तिथल्या) मांजरांना मात्र आपलं नाव आणि सोबतच्या मांजरांची नावं यांतला फरक करता आला नाही. तेव्हा घरात तीन-चार असतील तर मनी, मिनी, मोनी अशी मालिका नको.

नाव ठेवायचं तर पोरगा की पोरगी हे लहान पिल्लात चटकन कळत नाही. रंगावरून थोडा अंदाज येतो. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि ती मादीत दोन असतात, नरात एकच; म्हणून काळा आणि केशरी दोन्ही अंगावर असलेलं पिल्लू जवळजवळ नेहमी मादीच निघतं, आणि पूर्ण केशरी असलं तर बहुतेक वेळा बोका.

आता जे मला खरोखर सलतं ते. भांडण काढायला म्हणून ठेवलेली नावं. शेजाऱ्याचं नाव, पलीकडच्या समाजाचं ठेवणीतलं नाव, सीमेच्या या नाहीतर त्या बाजूच्या पुढाऱ्याचं नाव. आपल्या भागात नाव हा किती हळवा विषय आहे हे मी सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं नाव कागदावर बेळगावी झालं, आणि आमच्या घरांत अजून बेळगावच म्हणतात. ती लढाई माणसांची आहे आणि ती माणसांनी लढावी. कुणाला तरी चिडवायला पोरं मांजराच्या नावानं गल्लीभर ओरडतात, तो माणूस संतापतो आणि दगड बसतो मांजराला. हे मी पाहिलंय. मुक्या जनावराला यात ओढू नका, हात जोडून सांगते.

काळ्या पिल्लांचंही तसंच. पनवती, भुताटकी अशी नावं ठेवून लोक हसतात, आणि ती बिचारी आयुष्यभर दारोदार हाकलली जातात. काळ्या पिल्लाला करवंद म्हणा की! उन्हाळ्यात खानापूर-जांभोटीकडून टोपल्या येतात, वाट बघून आपण घेतो. जांभूळ म्हणा, काजळ म्हणा. नाव चांगलं असलं तर लहान पोरंही त्याला उचलून घेतात.

नावाचा खरा उपयोग अडचणीत कळतो. मागं एकदा कुंदा रात्री आली नाही. दारोदार विचारलं. "आमच्यात आलती की संध्याकाळी," काकू म्हणाल्या. "मग त्या गच्चीकडं गेली बघा," मागाच्या घरातून कुणीतरी सांगितलं. शेवटी पलीकडच्या आळीतल्या कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलीनं रिकाम्या टाकीपाशी उभं राहून नावानं हाक मारली आणि आतून बारीक म्याव आलं. "एक मांजर हरवलंय" म्हणून कुणी एवढं फिरलं असतं का? कुंदा हरवली होती म्हणून फिरले.

तेव्हा पिल्लू घरी आणलंत तर दोन-तीन अक्षरी, रोजच्या तोंडातलं नाव निवडा. ते पक्कं करण्याआधी शेजारच्या दोन घरांत म्हणून दाखवा आणि त्यांना कसं म्हणता येतंय ते ऐका. रेबीजची लस टोचून घ्या, त्या कार्डावरही तेच नाव घाला. गळ्यात पट्टा बांधणार असाल तर ओढ बसल्यावर आपोआप सुटणारा घ्या, नाहीतर कौलात नाहीतर फांदीत अडकून फास बसतो. आणि पट्ट्यावर नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहा. खाली फोन नंबर.