विली मेइली ‘नुसते कारकून’? मुळीच नाही

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे पहिले मॅनेजर विली मेइली यांच्याबद्दल फुटबॉलप्रेमींमध्ये एक मत सर्रास फिरतं: हा माणूस मुळात कारकून, खेळाडू पैसे मोजून आणले, पहिल्या महायुद्धात रान मोकळं मिळालं, म्हणून १६ लीग आणि १४ स्कॉटिश कप पदरात पडले, शेवटी म्हातारा झाला म्हणून घालवला.

कारकुनीचा मुद्दा अर्धा खरा. १८९७ मध्ये नेमणूक झाली ती सेक्रेटरी-मॅनेजर म्हणूनच. सराव ते घेत नसत, मध्यंतरात खेळाडूंशी बोलत नसत. आपण संघात आहोत की नाही, हे खेळाडूंना वर्तमानपत्रातून कळायचं! पण त्यांचं कसब माणूस हेरण्यात होतं.

पैशांचं म्हणाल, तर सुरुवातीला त्यांनी तयार खेळाडू घेतले आणि १८९८ ची लीग जिंकली, हे खरंच. पुढे मात्र त्यांनी तो नाद सोडला आणि ज्युनियर, म्हणजे खालच्या स्तरावरच्या क्लबांतली कोवळी पोरं उचलली. क्रॉय गावचा खाणकामगार जिमी क्विन त्यातलाच. १९०४ च्या स्कॉटिश कप फायनलमध्ये ग्लासगोचाच प्रतिस्पर्धी क्लब रेंजर्स २-० ने पुढे. क्विन एरवी डाव्या बगलेवर खेळायचा, त्या दिवशी त्याला मध्यभागी आणलं होतं. पठ्ठ्याने तीन गोल ठोकले, ३-२! याच पोरांनी १९०५ ते १९१० सलग सहा वेळा लीग जिंकली. हे चेकबुकाने होत नाही.

युद्धाच्या आक्षेपात थोडं तथ्य आहे. १९१४-१५ मध्ये लीगमध्ये पुढे असलेल्या हार्ट्स या एडिनबराच्या क्लबचे बरेच खेळाडू सैन्यात गेले, त्याचा फायदा सेल्टिकला झालाच. पण १६ पैकी युद्धाची सावली पडलेल्या लीग फार तर चार. आणि नोव्हेंबर १९१५ ते एप्रिल १९१७ सलग ६२ सामने न हरणं? तो विक्रम मोडायला २०१७ उजाडावं लागलं. १५ एप्रिल १९१६ ला तर एकाच दिवशी दोन सामने: दुपारी रेथ रोव्हर्सला ६-०, संध्याकाळी मदरवेलला त्यांच्याच मैदानावर ३-१.

राहिली गच्छंती. १९४० च्या सुरुवातीला ते गेले तेव्हा वय ७१ होतं, संघही घसरला होता. पण १९३८ मध्ये याच म्हाताऱ्याने लीग जिंकली होती, इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबला हरवून एम्पायर एक्झिबिशन ट्रॉफीही आणली होती. बिनसलं ते वेगळ्याच कारणाने: क्लबच्या पन्नाशीला त्यांना २५०० गिनींची (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त रक्कम) थैली मिळाली आणि तिच्यावरचा प्राप्तिकर कोणी भरायचा, यावरून संचालकांशी वाजलं.