ओझी गेला म्हणून सॅबथ संपला नव्हता

२२ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ओझी ऑस्बर्न वारला आणि त्यानंतर एक लांबलचक मराठी मजकूर सांगली-मिरजेतल्या रॉक ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरू लागला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ओझी हाच ब्लॅक सॅबथचा आत्मा होता, १९७९ साली बाकीच्यांनी पैशासाठी त्याला हाकललं, मग रेनबो या दुसऱ्या बँडचा जुना गायक रॉनी जेम्स डिओ याला घेऊन १९८० मध्ये काढलेला ‘हेवन अँड हेल’ म्हणजे सॅबथच्या नावाखाली खपवलेला रेनबोचा अल्बम, श्रोत्यांनी तो नाकारला, आणि शेवटी बँडनेच ब्लॅक सॅबथ हे नाव सोडून देऊन चूक कबूल केली. ओझीवर माझंही प्रेम आहे. पण त्याला निरोप द्यायचा म्हणून एका थोर अल्बमला खोटं ठरवणं मला सहन होत नाही.

आधी ‘पैशासाठी हाकललं’ हे बघू. १९७७ च्या अखेरीस ओझीने स्वतःहून बँड सोडला होता. त्याच्या जागी डेव्ह वॉकर आला. काही आठवड्यांत ओझी परतला, पण वॉकरबरोबर बांधलेली गाणी म्हणायला त्याने नकार दिला. म्हणूनच १९७८ च्या ‘नेव्हर से डाय’वरचं ‘स्विंगिंग द चेन’ हे गाणं ड्रमर बिल वॉर्डच्या आवाजात आहे. दारू आणि ड्रग्ज चौघांच्याही मागे लागले होते, तरी १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला नवी गाणी बांधताना गिटारवादक टोनी आयोमीच्या हातात रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे, तयार असायचे आणि गायकाकडून काही येत नसे. एप्रिलमध्ये निर्णय झाला. तो ओझीला सांगायचं काम पडलं वॉर्डवर, त्याच्या सगळ्यात जवळच्या मित्रावर. या प्रकरणात दुःख भरपूर आहे, ते मी नाकारत नाही. पण पैशाचा हिशेब बघणारा जो माणूस होता, मॅनेजर डॉन आर्डन, त्याला तर ओझीच परत हवा होता. बँडने त्याच्या मनाविरुद्ध डिओला धरून ठेवलं.

‘ओझी हाच आत्मा’ या वाक्यात लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. आवाज ओझीचा होता, चालींतही त्याचा मोठा वाटा होता. पण ‘वॉर पिग्ज’मधला युद्धाचा संताप, ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’मधली अणुबॉम्बची भीती, हे शब्द बहुतेक बासवादक गीझर बटलरचे. डिओ आल्यावर शब्द त्याने लिहायला घेतले. म्हणजे या अल्बमवर गळ्याइतकीच लेखणीही बदलली, आणि माझ्या मते खरी हानी झाली असेल तर ती तिथे. गीझरचं जग कारखान्याच्या धुराचं, बँडच्या गावाचं, बर्मिंगहॅमचं होतं. डिओचं राजेरजवाड्यांचं आणि पाप-पुण्याच्या निवडीचं. मजकूर लिहिणाऱ्याने यावर बोट ठेवलं असतं तर त्याच्याशी भांडण अवघड गेलं असतं.

आता मुख्य आरोप: ‘हा रेनबोचा अल्बम आहे.’ डिओ रेनबोतून आला होता आणि निर्माता मार्टिन बर्च यानेही रेनबोबरोबर काम केलेलं होतं, इतपत खरं. ‘निऑन नाइट्स’ आणि ‘डाय यंग’ यांची धावती चाल ऐकून कुणाला रेनबो आठवला तर नवल नाही. पण १९७५ चं ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’ लावा. तीच धावती गती, शेवटी साधी गिटार, आणि गायक ओझी. ही वाट सॅबथने डिओच्या आधीच पाडलेली होती.

बदललं ते वेगळंच. ‘आयर्न मॅन’मध्ये ओझी काय करतो? आयोमी जो रिफ वाजवतो, त्याच स्वरांवरून तो शब्द म्हणत जातो. गिटार आणि गळा एकाच रेषेत. त्या गाण्याची दहशत त्यातूनच येते. डिओ तसा गातच नाही. रिफ खाली चालू राहतो आणि त्याची चाल वरून, स्वतःच्या वेगळ्या वाटेने जाते. लहानपणी तो ट्रम्पेट वाजवायचा आणि दम कसा टिकवायचा हे तो त्यातून शिकला होता. असा गायक मिळाल्यावर आयोमीला गायकाच्या खाली वाजवायला जागा मिळाली. ‘हेवन अँड हेल’ या गाण्याची कडवी ऐका: गिटार बरीचशी बाजूला होते, गीझरचा बास एकाच ठेक्यावर धडधडत राहतो, वर डिओ एकटा. रिफ परत येतो तेव्हा तो अंगावर येतो, कारण मधे त्याची वाट बघायला लागलेली असते. सुरुवातीच्या सॅबथमध्ये ही रचना सहसा सापडत नाही, तरी तो रिफ ऐकून ‘हा आयोमी नाही’ असं कोण म्हणेल?

सूरही वर सरकला. सतराव्या वर्षी कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावल्यावर, तारा दाबायला सोपं जावं म्हणून, आयोमी त्या सैल करत गेला आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त तो दीड स्वर खाली उतरला. डिओबरोबरच्या अल्बमवर फक्त अर्धा स्वर खाली. मजकुरात याला ‘जडपणा गेला’ म्हटलंय. मिरजेत तंबोरा घ्यायला जाणाऱ्याला आधी सांगावं लागतं की गाणार कोण आणि पट्टी कोणती. पुरुषाच्या आणि बाईच्या तंबोऱ्याचा आकारही सारखा नसतो. गळ्याप्रमाणे वाद्य लावलं म्हणून गाणं हलकं होत नाही, हे आपल्या भागात तरी कुणाला पटवून द्यायला लागू नये. कॉलेजच्या गॅदरिंगला ‘आयर्न मॅन’ वाजवणाऱ्या पोरांनी शेवटचं ‘लोनली इज द वर्ड’ पूर्ण ऐकावं. संथ, काळोखं, आणि अर्ध्याहून पुढे आयोमीची गिटार रडत राहते. याहून जड सॅबथने त्या दशकात फार थोडं केलं.

‘श्रोत्यांनी नाकारलं’ हे तर सरळ खोटं. हाकलण्याआधीचा ओझीचा शेवटचा ‘नेव्हर से डाय’ विक्रीच्या यादीत ब्रिटनमध्ये १२ व्या आणि अमेरिकेत ६९ व्या क्रमांकापर्यंत गेला होता. ‘हेवन अँड हेल’ ब्रिटनमध्ये ९ व्या, अमेरिकेत २८ व्या. पुढे अमेरिकेत तो प्लॅटिनमही झाला, म्हणजे दहा लाख प्रतींचा टप्पा गाठला. त्याच वर्षी ओझीचा ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आला आणि तोही जोरात चालला. एकाच्या यशाने दुसरा खोटा कसा ठरतो?

१९८३ पासून गायक इतके बदलले की मूळ बँडमधला जवळपास आयोमीच तेवढा उरला. त्या काळावर टीका करायची असेल तर मीही सोबत येईन. पण तो राग १९८० च्या अल्बमवर काढू नये. त्यात आयोमी, बटलर आणि वॉर्ड तिघंही वाजवत आहेत.

राहिला ‘नाव टाकलं’ हा शेवटचा मुद्दा. ५ जुलै २०२५ ला व्हिला पार्कच्या मैफलीत सॅबथने डिओचं एकही गाणं घेतलं नाही, हाही पुरावा म्हणून दिलाय. तो मूळ चौघांचा आणि ओझीचा निरोप होता, त्यात ओझीचीच गाणी हवी होती. आणि २००६ मध्ये आयोमी, बटलर, डिओ आणि ड्रमर विनी अपिसी एकत्र आले तेव्हा त्यांनी नाव बदललं, कारण ब्लॅक सॅबथ हे नाव तोवर पुन्हा ओझीबरोबरच्या मूळ चमूशी जोडलं गेलं होतं. नवं नाव त्यांनी कुठून घेतलं? याच अल्बमवरून: हेवन अँड हेल. त्याआधी १९९२ मध्ये याच चौघांनी ‘डीह्युमनायझर’ काढला होता, तोही ब्लॅक सॅबथ याच नावाने. नाव टाकलं म्हणणाऱ्याने १९८०, १९९२ आणि २००६ ही तीन सालं एकदा ओळीने मांडून बघावीत.