रक्त आमचं, रिपोर्ट त्यांचा

दर महिन्याला तेच! बाबा मधुमेहाच्या एका गोळीच्या चाचणीसाठी उपाशीपोटी गुहागरहून पहाटेची एसटी धरून चिपळूणला जातात, चार नळ्या रक्त देतात, आणि रिपोर्ट मागितला की ठरलेलं उत्तर : ‘काका, ट्रायल आहे ना, देता येत नाही.’ अहो, डबल ब्लाइंड आहे, म्हणजे कुणाला कोणती गोळी ते रुग्ण-डॉक्टर दोघांनाही कळू द्यायचं नाही, तर गोळी खरी की खोटी ते नका सांगू. साखरेच्या आकड्यावरून ती ओळखू येत असेल तर तोही झाका. पण किडनीचं क्रिएटिनिन? हिमोग्लोबिन? आमच्याकडे मासळीवालीसुद्धा कल्ला उघडून दाखवते हो! (संमतीपत्रावर सह्या घेताना मात्र कोण गोडवा.) डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय, रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत. इथे तिसरा महिना चाललाय. उद्या गावातल्या डॉक्टरांनी किडनीचं विचारलं तर बाबांनी काय दाखवायचं, एसटीचं तिकीट?