तासवड्याचा टोल आणि बाबांचा राउटर

माझा मावसभाऊ सांगलीत विश्रामबागेत केबल आणि ब्रॉडबँडचा धंदा करतो, आणि मी जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. ज्या बड्या व्हिडिओ सेवांमुळे इंटरनेटच्या जाळ्यावर सर्वाधिक भार पडतो त्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, ही भारतातल्या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेची मागणी त्याला रास्त वाटते. "दादा, रस्ता ज्यानं बांधला, टोल त्यानंच घ्यायचा," असे त्याचे म्हणणे आहे.

टोलचा दाखला मला मान्य आहे. फक्त तो पुरता लावावा. सांगलीहून पुण्याला निघालेला टेम्पो तासवड्याला आणि आनेवाडीला टोल भरतो, तो गाडीच्या प्रकारानुसार. आत तासगावची द्राक्षे आहेत की सांगलीची हळद, हे तिथे कोणी विचारत नाही आणि टेम्पोवाल्याने पैसे मोजल्यावर बागायतदाराच्या नावाने दुसरी पावतीही फाडत नाही. डेटा पॅकचे पैसे ग्राहकाने आधीच भरलेले असतात. दक्षिण कोरियात जाळ्याचे शुल्क परवडत नाही असे सांगून ट्विच ही थेट व्हिडिओ दाखवणारी सेवा तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. नुकसान शेवटी प्रेक्षकांचेच झाले.

जाळ्याने मजकुरामजकुरात भेद करू नये, या तत्त्वाच्या बाबतीत भारत युरोपच्या पुढे होता, हे इथल्या मित्रांना सांगताना मला बरे वाटते. मोजक्याच साइट फुकट देणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्स योजनेवरून वाद पेटला असताना ट्राय या दूरसंचार नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. जर्मनीत मात्र ठरावीक ॲपचा वापर डेटामध्ये न मोजणाऱ्या योजना राजरोस चालू होत्या. २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या नियमबाह्य ठरवल्या आणि जुन्या ग्राहकांसाठी त्या बंद व्हायला मार्च २०२३ उजाडला.

उंबऱ्याच्या आत मात्र चित्र उलटे आहे. इथे ऑगस्ट २०१६ पासून ग्राहक स्वतःचा राउटर लावू शकतो आणि त्यासाठी लागणारी माहिती कंपनीला द्यावीच लागते. डिसेंबर २०२१ पासून कबूल केलेला वेग मिळाला नाही तर बिल कमी करून मागता येते, पण त्यासाठी नियामकाच्या साधनाने तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० वेळा वेग मोजावा लागतो, तोही लॅपटॉपला केबल जोडून. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते केले आहे. (जर्मन माणसाला हक्कसुद्धा तक्ता भरल्याशिवाय मिळत नाही.) भारतात कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर अपील करायचे ते त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे, ग्राहक आयोगाचे दार सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये खुले असल्याचे सांगितले आहे, पण नेट संथ चालते म्हणून ती पायरी किती जण चढतील?

बाबांच्या घरातला राउटर मावसभावानेच बसवला आहे आणि त्याच्या सेटिंगचा पासवर्ड त्याच्या ऑफिसात असतो. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जागा सोडून गेल्यावर वायफायचा पासवर्ड बदलायचा होता, तर मावसभावाच्या ऑफिसातला मुलगा येईपर्यंत बाबांना चार दिवस थांबावे लागले. "लोक सेटिंगा बिघडवतात आणि रात्री दहाला मला पळावं लागतं," असे तो म्हणतो, आणि ते खोटे नाही. पावसाळ्यात खांबावर चढणारी त्याची पोरे मी पाहिली आहेत. पण जाळे सांभाळण्याचा त्याचा अधिकार घराबाहेरच्या तारेपर्यंत असावा, असे माझे मत आहे. दिवाळीला आलो की सांगलीतूनच एक राउटर विकत घेऊन बाबांना देणार आहे. तो जोडून देशील का, असे परवा मावसभावाला विचारले, तेव्हा तो "बघू" म्हणाला.