'एक परळकर' यांना उत्तर, जरा लांबलंय

नमस्कार. परळच्या रेल्वे वर्कशॉपच्या जागेचं उद्या काय करावं यावर मी लिहिलं, लंडनच्या किंग्ज क्रॉससारखे आधी रस्ते आणि मोकळी जागा आखा असं म्हटलं, त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली, आभार वगैरे. तुमचं पहिलंच वाक्य, "लंडनचे फोटो बघून नकाशे काढणाऱ्याने परळ कधी पायी पाहिलेलं दिसत नाही." आधी हेच घेऊ, कारण हा सूर कशाला लावलात ते मला खरंच कळलं नाही. 'पटलं नाही' एवढं लिहिलं असतंत तरी पोचलं असतं की.

अहो, माझे वडील त्याच वर्कशॉपात ३१ वर्षं फिटर होते. संध्याकाळचा भोंगा झाला की आई आधण ठेवायची आणि चहा उकळेपर्यंत बाबा दारात, दोनदा साबण लावला तरी हाताचा ऑइलचा वास जायचा नाही. डबा विसरले की मी पळत नेऊन द्यायचो. आतली ठोकाठोकी अगदी कानाशी ऐकू यायची पण गेट पार पलीकडे, मग त्या भिंतीला वळसा घालत चालायचं, चालायचं, आणि डब्यातली आमटी तोवर पिशवीत सांडलेली. तेव्हा पायी पाहिलंय की नाही ते मला नका शिकवू.

आणि लंडन मी आणलं ते या भिंतीपायीच, फोटो छान आहेत म्हणून नाही. तिथल्या किंग्ज क्रॉस स्टेशनमागच्या जुन्या मालधक्क्यावर रस्ते न् चौक हाच प्लॅनचा सांगाडा धरला, जवळपास ४० टक्के जागा मोकळी ठेवली, १८५२ चं धान्याचं गोदाम पाडलं नाही आणि २०११ मध्ये त्यात आर्ट कॉलेज आलं. बाहेरचा माणूस आरपार चालत जातो, त्याला वॉचमन विचारत नाही कुठे चाललात. आपल्याकडे गिरण्यांचं काय झालं? १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते, मोकळी जागा, म्हाडाची घरं आणि मालक, मग २००१ मध्ये शब्द फिरवले आणि वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे झाले, म्हणजे लोकांचा वाटा आक्रसला, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. म्हणून म्हणतो, आधी रस्ते आखा, एफएसआय, म्हणजे किती बांधायचं ते, मागाहून, नाहीतर वर्कशॉपची भिंत जाईल आणि टॉवरखालच्या पार्किंगच्या पोडियमची येईल. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली, परळमध्ये चालायला वाट नसणं म्हणजे काय हे त्यानंतर तरी सांगावं लागू नये.

एक मान्य. लेखात मी लिहिलं तसं किंग्ज क्रॉस ६७ हेक्टर नाही, ६७ एकर. घाईत झालं, दुरुस्त केलंय, आणि त्याने माझा मुद्दा काही हलत नाही. पण तुम्ही त्यावर जे दोन उद्गारचिन्हांचं हसू टाकलंत ना, ते जरा जास्तच झालं.

बाकी वर्कशॉप अजून चालू आहे, कामगार कुठे जाणार, रेल्वेला तिथे टर्मिनस हवं असेल तर काय, मोकळी जागा सोडायची तर पैसे कोणाच्या खिशातून, न्यूयॉर्कच्या हडसन यार्ड्ससारखा चालू रुळांवर डेक, म्हणजे छतासारखी स्लॅब, टाकून वर टॉवर का नकोत, हे सगळं तुम्ही एका दमात विचारलंय. हे धोरणाचे प्रश्न झाले, माझा लेख डिझाइनवर होता, शीर्षक तरी वाचायचं होतंत. डेकवर कधीतरी वेगळं लिहीन, वेळ झाला तर.

आणि स्वतःला परळकर म्हणवता, नाव मात्र लिहीत नाही, ठीक आहे, तुमची मर्जी. एवढंच सांगा, सकाळचा पहिला भोंगा किती वाजता व्हायचा?