ॲडमिशननंतरचे पंधरा दिवस

गेल्या वर्षी ताईच्या मुलाचा इंजिनिअरिंगला तिसऱ्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या तिसऱ्या फेरीला, नंबर लागला तेव्हा घरच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता जल्लोष होता, पेढ्यांचे फोटो, कटऑफ किती होता, दुसऱ्या राउंडलाच फ्रीज केलं असतं, म्हणजे मिळेल ती जागा पक्की केली असती, तर काय मिळालं असतं, कुणाच्या मुलाला कुठलं कॉलेज. मी इथे जर्मनीत, ड्रेस्डेनला, तेरा वर्षं झाली आता, ऑफिसला जाताना ट्राममध्ये ते सगळं वाचत होते आणि मलाही आनंद झाला होता. मग आठ-दहा दिवसांनी त्याचा फोन आला, तिकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेले असतील. म्हणाला, मावशी, मी आलो तोवर कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, मॅट्रिक्स अर्धं शिकवून झालंय, सगळ्यांचे ग्रुप पडलेत, आणि लॅब कुठल्या मजल्यावर आहे हे नक्की कुणाला विचारायचं तेच कळेना. चार दिवस पोरगा प्रॅक्टिकलला गेलाच नव्हता, कारण आपली बॅच कुठली हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

हुशार मुलगा आहे हो. दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज, रात्रीची जागरणं, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, यातलं काही चुकलं नाही. पण ज्या दारासाठी एवढी धावपळ केली त्या दाराच्या आत गेल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं हे ना घरात कुणी बोललं, ना कॉलेजात.

मला तेवढंच म्हणायचंय. आपल्याकडे शिक्षणावरचे जेवढे वाद ऐकते ते सगळे आत कसं जायचं याचे आहेत. पर्सेंटाइल, आरक्षण, फी, राउंड लांबले, नवीन शैक्षणिक धोरणात डिग्री तीन वर्षांची की चार, पोराला बाहेर पाठवायचं की नाही. महत्त्वाचे वाद आहेत, मी नाही म्हणत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं, कारण फीपायी थांबलेल्या मुली मी स्वतः बघितल्यात. पण फी माफ झालेली ती मुलगी शहरात येते, कॉट बेसिसवर जागा शोधते, मेस लावते, वर्गात शेवटच्या बाकावर बसते, आणि तिथून पुढे तिचं काय होतं यावर कुठे चर्चा होताना मला तरी दिसत नाही.

इथे काय होतं ते सांगते. हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री एक ऑक्टोबरला सुरू होतं, लेक्चर्स साधारण ऑक्टोबरच्या मध्याला. पण त्याआधीच बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये गणिताचा फोअरकुर्स असतो, म्हणजे शाळेतलं गणित आणि इथलं गणित यांच्यामधला सांधा जोडणारा वर्ग, परीक्षा नाही, मार्क नाहीत. मग लेक्चर सुरू व्हायच्या आधीचा आठवडा नव्या मुलांचा. तो मुख्यतः फाखशाफ्टची मुलं चालवतात, फाखशाफ्ट म्हणजे त्या-त्या विभागाची विद्यार्थ्यांची संघटना. दर ऑक्टोबरला आमच्या ट्राम स्टॉपवर दहा-बारा मुलांचा घोळका आणि पुढे रंगीत टीशर्ट घातलेला एक सीनियर दिसतो. एकदा मी मुद्दाम थांबून ऐकलं. तो सांगत होता, वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला बसता येईल असं समजू नका, प्रत्येक परीक्षेला वेगळं नाव नोंदवायचं असतं आणि तारीख गेली की गेली, मी पहिल्या सेमिस्टरला विसरलो होतो. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा स्वतःची चूक दहा अनोळखी पोरांना सांगत होता, त्यांची होऊ नये म्हणून.

आणि आपल्याकडे सीनियर म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम २००९ चे, मुलाकडून आणि पालकांकडून लिहूनही घेतात. ताईने ते हमीपत्र ॲडमिशनच्या गठ्ठ्यात सही करून दिलं, वाचायलाही वेळ नव्हता. रॅगिंग थांबायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही, पण सीनियरने त्रास द्यायचा नाही हे सांगून आपण थांबतो, त्याने काय करायचं ते सांगतच नाही. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०१७ मध्ये इंजिनिअरिंगच्या नव्या मुलांना कॉलेजात रुळवण्यासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम आणला, यूजीसीने २०१९ मध्ये दीक्षारंभ नावाने तसंच मार्गदर्शन काढलं, म्हणजे विचार झालेला आहे. भाच्याच्या कॉलेजातही इंडक्शन झालं होतं, तो पोचायच्या आधी. राउंड संपलेले नसताना इंडक्शन उरकून टाकलं तर तिसऱ्या राउंडच्या मुलांनी काय करायचं?

आता जर्मनीत सगळं छान आहे असं मला अजिबात सुचवायचं नाहीये. इथे कॉलेज सोडणाऱ्यांचं प्रमाण कमी नाही, बॅचलरची दर चार मुलांत एक तरी डिग्री न घेताच बाहेर पडतो. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी, तिसऱ्यांदा नापास झालात तर तोच डिग्री कोर्स जर्मनीत दुसऱ्या युनिव्हर्सिटीतही सहसा करता येत नाही. एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जायची, सवय असलेल्या आपल्या मुलांना हे कळतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आणि तो रंगीत टीशर्टवाला आठवडा संपला की कुणी तुमच्या खोलीचं दार वाजवत नाही.

दोन वर्षांपूर्वी लातूरची एक मुलगी मास्टर्सला आली, ओळखीतून माझ्याकडे. तिच्या वडिलांनी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, अकरा-बारा लाख रुपये भरले होते, व्हिसासाठी ते दाखवायचे असतात आणि मग महिन्याला त्यातले ठरावीक पैसे मिळतात. एपीएसचं, म्हणजे मार्कशीट-डिग्री खरी आहे याचं, सर्टिफिकेट, व्हिसाची अपॉइंटमेंट, भाषेचा कोर्स, सगळं वर्षभर राबून केलेलं. तर ही पोरगी नोव्हेंबरात रडवेली होऊन आली, बँकेचं कार्ड आलं नाही, पिन आला नाही, इन्शुरन्सचं काही आलं नाही. मी तिच्याबरोबर होस्टेलवर गेले. खाली पत्रपेट्यांची रांग होती, प्रत्येकीवर आडनावाची पट्टी, हिच्या पेटीवर आधीच्या मुलाचं नाव तसंच. इथे पोस्टमन खोली नंबर बघत नाही, नाव बघतो, नाव नसलं की पत्र परत. सहा आठवडे तिची सगळी पत्रं परत जात होती. माझ्या पर्समधल्या पेनने एका कागदावर तिचं नाव लिहिलं आणि सेलोटेपने चिकटवलं, पुढच्या गुरुवारी कार्ड आलं. एवढी साधी गोष्ट, पण ज्या एजंटने तिच्याकडून भरपूर पैसे घेतले त्याच्या पन्नास मुद्द्यांच्या यादीत ती नव्हती.

आणि इथेच मला आपलं आठवतं. माझे आजोबा कोल्हापूरला बोर्डिंगमध्ये राहून शिकले. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी एकेक करत वसतिगृहं उभी राहिली, कारण खेड्यातल्या पोराला शाळा नुसती उघडी असून उपयोग नाही, त्याला राहायला जागा, जेवण आणि विचारपूस करणारं माणूस लागतं हे त्यांना कळलं होतं. आजोबा सांगायचे, पहिल्या रात्री मोठ्या मुलांनी त्यांना आपल्या शेजारी अंथरूण घालायला लावलं होतं, घाबरून उठला तर कुणी जवळ असावं म्हणून. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या मुलांसाठी हेच करतेय. ट्राम स्टॉपवरचा तो मुलगा आणि आजोबांच्या शेजारची मोठी मुलं, मला त्यात फार अंतर वाटत नाही. आपल्याकडे हे होतं, आहे, फक्त कॉलेजांनी ते आपलं काम मानलं नाही.

राउंड संपेपर्यंत पहिल्या वर्षाचे वर्ग थांबवता येत नसतील तर निदान शेवटच्या राउंडनंतर इंडक्शन पुन्हा घ्या, उशिरा आलेल्या प्रत्येक मुलाला सेकंड इयरचा एक विद्यार्थी नावानिशी जोडून द्या आणि त्या विद्यार्थ्याला त्या कामाचं क्रेडिट द्या, आता क्रेडिटचीच पद्धत आलीये ना. याला फार पैसा लागत नाही. आणि घरच्यांनो, बारावीनंतरचे ते दोन-तीन महिने पोरांना नुसते निकालाची वाट बघण्यात घालवू देऊ नका. भात-आमटी, स्वतःचे कपडे, एक फॉर्म कुणाला न विचारता भरणं आणि अडलं की अनोळखी माणसाला विचारणं, एवढं तरी.

ताईची धाकटी यंदा बारावीत आहे. मी ताईला म्हटलं, तिचं बँकेतलं खातं तू काढून देऊ नकोस, तिला एकटीला पाठव. ताई आधी तयार नव्हती, म्हणाली अभ्यासाचं वर्ष आहे. मागच्या आठवड्यात गेली ती, एकदा फोटो चुकीचा म्हणून परत आली, दुसऱ्यांदा सही जुळेना म्हणून परत आली, तिसऱ्यांदा खातं उघडून आली आणि पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो मला पाठवला, खाली लिहिलं होतं, मावशी, काउंटर नंबर चारच्या काकूंना विचारायचं, त्या नीट सांगतात.