बाटली नेऊ देत नाहीत म्हणून कोकणातला माणूस क्रूझ बुक करत नाही?

गावच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: क्रूझवर स्वतःची बाटली नेऊ देत नाहीत आणि आत तीच दारू तिपटीने विकतात. ही लूट लक्षात आल्यामुळे कोकणातला माणूस क्रूझ बुक करत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून जहाजं आपल्या किनाऱ्याला लागत नाहीत. तेव्हा दारूचे नियम सैल करा, कोकणातलं क्रूझ पर्यटन आपोआप उभं राहील. शेवटी दोन सल्लेही जोडलेत. दारूचं पॅकेज घ्या, पैसे वसूल होतात. आणि गोव्याहून परतताना खुशाल बाटल्या आणा, समुद्रात राज्याचा कायदा चालत नाही.

मी कुडाळला लोकांच्या सहलींचं बुकिंग करतो. हा मेसेज वाचून माझ्याकडे आलेल्यांनी चुकीचे बेत आखलेले बघतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

आधी सगळ्यात मोठा दावा, की बाटलीच्या नियमामुळे बुकिंग होत नाही. माझ्या टेबलासमोर बसलेलं कुटुंब पहिल्यांदा काय विचारतं ते सांगतो. "दादा, आवशीक बोट लागता, तेचा काय?" म्हणजे आईला बोटीत मळमळतं, त्याचं काय. त्यानंतर जेवणाचं. शाकाहारी वेगळं शिजवतात का, आजीच्या गुरुवारचं काय. मग केबिनला खिडकी आहे का, तीन माणसं आणि एक पोर एकाच केबिनमध्ये मावतील का, व्हीलचेअर मिळेल का. मग पैसे. दारूचा प्रश्न कुटुंबांकडून आलाच तर सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही बहुतेक वेळा उलट्या बाजूने: "आम्ही कोणी घेत नाही, मग त्याचे पैसे तिकिटात धरलेत काय?"

ज्यांचं बुकिंग खरोखर मोडतं, त्यांचं कुठे मोडतं तेही बघा. मुंबई-गोवा क्रूझ धरायची तर कुडाळच्या माणसाला आधी तुतारी नाहीतर कोकणकन्येने मुंबई गाठावी लागते. रात्रभर रेल्वेत काढायची, मग बंदरावर जाऊन जहाजात बसायचं आणि आपल्याच किनाऱ्यावरून खाली गोव्याला यायचं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. क्रूझ त्याच्या कितीतरी आधी बुक केलेली असते, आणि सुट्टीच्या दिवसांत गाडीचं तिकीट वेटिंगवर गेलं की सगळा बेत हलतो. पावसाळ्यात मुंबई-गोवा फेऱ्या बंद. मे महिन्यात नि गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं, तेव्हा घरातून कोण हलणार? उरले दिवाळीनंतरचे आणि नाताळचे दिवस, म्हणजे नेमके दर चढलेले. ही अडचण कुठल्याही बाटलीपेक्षा मोठी आहे.

मित्रांच्या टोळक्यांचं वेगळं आहे, ते मान्य. बॅचचं गेट-टुगेदर ठरवणाऱ्यांचा पहिला प्रश्न दारूचाच असतो. नियम ऐकून त्यातले काही जण क्रूझ सोडून गाडी काढतात आणि थेट गोव्याला जातात. तेवढ्यापुरता मेसेज खरा आहे. पण टोळक्यांवरून सगळ्या कोकणाचा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय त्यांच्यातही अनेक जण बेत मोडत नाहीत, फक्त बदलतात. चार रात्रींऐवजी दोन रात्री घेतात, पॅकेजऐवजी सुटे पेग घेतात.

आता सरसकट बंदी आणि लूट याबद्दल. सगळ्या कंपन्यांचा नियम एक नाही. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या परदेशी क्रूझ कंपन्या जहाजात चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला 750 मिलीची एक वाइनची बाटली हातातल्या सामानातून नेऊ देतात. नॉर्वेजियनवर वाइन नेता येते, पण बाटलीमागे कॉर्केज म्हणून पैसे भरावे लागतात. डिस्नेच्या जहाजांवर वाइन किंवा ठरावीक बीअर चालते. एमएससी काहीच नेऊ देत नाही. व्हिस्की, रम, फेणी अशी कडक दारू मात्र यातली कुठलीच कंपनी प्रवाशाला केबिनमध्ये नेऊ देत नाही. वाटेतल्या बंदरावर घेतलेली बाटली सहसा चढताना जमा करून घेतात आणि सफर संपताना परत देतात. चोरून नेलेली सापडली तर कार्निव्हलच्या नियमात ती फेकून देतात, भरपाई नाही. जमा करून घेणं आणि फेकून देणं यातला फरक मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही. सिंगापूरहून निघणारी क्रूझ धरायला जाताना विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीमधून बाटली घेऊन तशीच जहाजावर जाणाऱ्यांना याचाच फटका बसतो.

या कडकपणाची झळ न पिणाऱ्यालाही कशी लागते, त्याचं एक उदाहरण. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या आईने कोकमाचं आगळ पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून घेतलं होतं. पित्ताचा त्रास, रोज लागतं. सामानाच्या स्कॅनरवर बाटली दिसली, बाजूला काढली, झाकण उघडून वास घेतला, आणि घरी भरलेली बाटली आत जाणार नाही म्हणून ठेवून घेतली. गडद लाल पातळ पदार्थ, लेबल नाही, सील नाही. तपासणाऱ्याने तरी काय समजावं? कार्निव्हलने 2015 पासून प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणीसुद्धा आणायला मनाई केली, कारण लोक त्यातून व्होडका नेत होते. म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो: सरबत हवं तर कारखान्यातलं सीलबंद घ्या, आणि ते चालेल का हे आधी कंपनीला लेखी विचारा.

लुटीबद्दल मला जे सांगायचंय ते या मेसेजच्या अगदी उलट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. क्रूझ कंपनीचं उत्पन्न दोन खिशांतून येतं. एक तिकीट, दुसरा जहाजावरचा खर्च: दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, स्पा. दुसऱ्या खिशातून पैसे येणार या हिशोबावर तिकीट खाली ठेवलेलं असतं. मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पॉपकॉर्न नेऊ देत नाहीत, त्यातलाच प्रकार. बाहेरची बाटली खुली केली की हा दुसरा खिसा आटतो, आणि तूट भरायला तिकीट वाढवावं लागतं. ते वाढलेलं तिकीट कोण भरणार? पिणारा भरेल आणि न पिणाराही भरेल. म्हणजे नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी असं जे कुटुंब एक थेंबही घेत नाही, त्याला आजचा नियम फायद्याचा आहे. जहाजावरच्या महागड्या पेगचे पैसे पिणारा मोजतो, म्हणून आजीचं तिकीट आवाक्यात राहतं. आपल्याच लोकांच्या नावाने नियम सैल करा म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

सुरक्षेची बाजूही आहे. मधल्या समुद्रात पोलीस ठाणं नाही, मोठं इस्पितळ नाही, आणि कठड्यापलीकडे पाणी आहे. दारू बारमधूनच मिळत असेल तर कोणाला किती झाली हे बघणारा कोणीतरी असतो. केबिनमध्ये खंबा घेऊन बसलेल्यावर कोण लक्ष ठेवणार?

पॅकेज घेतलं की पैसे वसूल होतात, हा सल्ला तर धोक्याचा आहे. यामुळेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल यांच्याकडे एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावं लागतं, नाहीतर एकाच्या पॅकेजवर दोघं पितील. आपल्याकडच्या जोडप्यांत बहुतेकदा नवरा घेतो आणि बायको घेत नाही. समजा पॅकेज दिवसाला 70 डॉलर आहे आणि त्यावर 18 टक्के सेवाशुल्क. म्हणजे माणशी 82 डॉलर 60 सेंट, दोघांचे 165 डॉलर 20 सेंट रोजचे. सुटा पेग 12 डॉलरचा धरला तर शुल्कासह 14 डॉलर 16 सेंट पडतो. पैसे वसूल करायला एकट्या नवऱ्याला रोज जवळजवळ 12 पेग प्यावे लागतील. कुठल्या बायकोला हे चालेल, आणि कुठल्या यकृताला? पाच रात्रींचा आकडा 826 डॉलर होतो. एवढ्या पैशात माणूस बिनखिडकीची केबिन सोडून बाल्कनीची घेऊ शकतो. घेत नसलेल्या जोडीदारासाठी फक्त सरबतं-कॉफीचं स्वस्त पॅकेज द्या अशी विनंती कंपनीला करता येते, ती कधीकधी मान्यही होते, पण त्यासाठी बुकिंगच्या वेळीच विचारायला हवं. मित्रांच्या ग्रुपलाही माझा हाच सल्ला: पिणारे एका केबिनमध्ये, न पिणारे दुसऱ्या केबिनमध्ये. दारूच्या नियमाचा बुकिंगवर खरा परिणाम होतो तो इथे, कोणाबरोबर कुठली केबिन घ्यायची हे ठरवताना.

वयाची अटही बघून घ्या. रॉयल कॅरिबियनच्या अमेरिकेतून निघणाऱ्या सफरींवर 21 वर्षं, आशिया-युरोपातून निघणाऱ्यांवर साधारण 18. आपल्या महाराष्ट्रात कडक दारूसाठी 25.

राहिला गोव्याहून बाटल्या आणायचा सल्ला. हा ऐकून कोणी अडकू नये म्हणून स्पष्ट लिहितो. मुंबई-गोवा ही देशातल्या देशातली सफर आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला जी 2 लिटरची सवलत आहे, ती इथे लागू नाही. आणि गोवा बनावटीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावरून टेम्पोतून येवो की जहाजातून उतरून मुंबईच्या बंदरात. बांदा-इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क विभागाने गाडी पकडल्याच्या बातम्या आपण सिंधुदुर्गातले लोक सतत वाचतो. जहाजातून उतरल्यावर पाय महाराष्ट्राच्या जमिनीवरच पडतो. उद्या पिशवीत बाटल्या सापडल्या तर मेसेज पुढे पाठवणारा जामीन द्यायला येणार नाही.

शेवटचा दावा, नियम सैल केले की जहाजं कोकणात लागतील. याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्यामुळे खऱ्या मागणीवरून लक्ष उडतं. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली. त्या जहाजावर बार होते. तरी ती आपला अख्खा किनारा मागे टाकून थेट गोव्याला जायची. लक्षद्वीपला बंगाराम सोडलं तर दारूबंदी आहे, तरी क्रूझ तिथे जातात, जहाज बाहेर नांगरतं आणि लहान बोटींनी माणसं बेटावर उतरतात. त्याहून जुनं आठवायचं तर मुंबई राज्यात कडक दारूबंदी असतानाही कोकणची बोट चालू होती. ती गरजेची प्रवासी बोट होती, क्रूझ नव्हे, हे मला कळतं. पण जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत ती जायची, बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून, माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या वर-खाली व्हायच्या. उतरवून घेणारी माणसं आणि पडाव होते, म्हणून ती थांबत होती.

आज काय आहे? मुंबई-गोवा मार्गावर आलेलं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज 200 मीटरहून लांब आहे. असलं जहाज मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या जेटीला लागू शकत नाही. जयगडला मोठी मालवाहू जहाजं लागतात, पण ते माल चढवण्या-उतरवण्याचं खाजगी बंदर आहे, आजी-आजोबांना उतरवण्याचं नाही. केंद्र सरकारने 2024 च्या सप्टेंबरअखेर मुंबईत 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. त्यात आपल्या किनाऱ्याचा वाटा मागायचा तर मागण्या वेगळ्या आहेत. विजयदुर्ग आणि मालवणला नांगरलेल्या जहाजातून माणसं आणायला झाकलेल्या, कठडा असलेल्या बोटी हव्यात. भरती-ओहोटीत वर-खाली होणारा तरंगता धक्का हवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उडी मारून चढावं लागणार नाही. धक्क्यावर सावली आणि स्वच्छ शौचालय हवं. शे-दोनशे माणसं एकदम उतरली तर त्यांना किल्ला दाखवून, जेवू घालून वेळेत परत पोचवणारे गावातले गाईड, रिक्षा आणि खानावळी यांची नीट बांधणी हवी. ऑक्टोबर ते मे एवढाच काळ मिळतो, त्या वेळापत्रकाप्रमाणे मच्छीमार सोसायट्यांशी आधी बोलणी हवीत, नाहीतर जाळ्यांवरून भांडणं होतील. ग्रामसभेत, बंदर खात्याकडे, आमदारांकडे हे लेखी गेलं पाहिजे, आणि हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर हे पत्र लिहायला घ्यावं.